अहिल्याबाई देव्हाऱ्यात, तुळसाबाई नदीत: स्त्रीवादी वाचनाचं करायचं काय?

रामबागवाली (इंदूर) | रविवार, रात्री १०:४२

मंडळी, डोकं गरम आहे म्हणून लिहायला बसलेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमचा एक वाचनगट आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. दहा-बारा डोकी, निम्मी निवृत्त. आज माझ्याकडे होता. भाची एम.ए. करतेय, तिला स्त्रीवादी समीक्षेवर निबंध द्यायचाय, म्हणून म्हटलं आधी आमच्यासमोर बोल, भीड चेपेल. पोरीची तयारी चांगली होती. केट मिलेट, एलेन शोवॉल्टर, ज्यूडिथ बटलर, सगळी नावं ओळीने आली. पंधरा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात गटातले एक काका (बँकेतून निवृत्त, वाचन दांडगं, मला वडिलांच्या जागी) म्हणाले, “बाळ, साहित्य एक तर चांगलं असतं नाही तर वाईट. त्यात बाई-पुरुष कशाला शोधायचा? उद्या पोह्यांतसुद्धा शोधाल.”

सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. भाची तेवढी हसली नाही.

लोक गेल्यावर भांडी विसळताना मला म्हणाली, “मावशी, पोह्यांत तर आहेच की. केले कोणी?” मी केले होते, सकाळी सहाला उठून. आणि काकांच्या सौभाग्यवती पूर्ण दोन तास माझ्या ओट्याशी उभ्या होत्या. मिलेट संपून बटलर सुरू झाली तेव्हा त्या कोथिंबीर चिरत होत्या. गटाच्या वहीत त्यांचं नाव ‘हजर’मध्ये आहे.

काकांना उत्तर द्यायचंय, भांडण न करता. परदेशी नावं कमीत कमी ठेवा, ती ऐकली की त्यांचं बी.पी. वाढतं.

---

सराफ्यातला_भुक्कड (इंदूर) | रविवार, रात्री १०:५८

ताई, सिद्धांत नंतर. पोह्यांवर जीरावन (आपला इंदुरी मसाला) होतं का नाही? अपन तर त्यावरच मत बनवणार.

---

टीपकागद | रविवार, रात्री ११:२०

वाचनखूण साठवली. सवडीने लिहितो.

---

स्पष्टवक्ता | सोमवार, सकाळी ७:१५

काकांशी शंभर टक्के सहमत. मी बावीस वर्षं मराठी शिकवलं. स्त्रीवादाची लाट वर्गात आल्यापासूनचे पेपर तपासलेत. कादंबरी वाचलेली नसते, पण ‘पितृसत्ता’ हा शब्द पानोपानी. नायिकेने चहा केला की शोषण, नाही केला की विद्रोह. निकाल आधी लागलेला, खटला मागाहून. याला समीक्षा म्हणायचं तर पंचांगालाही म्हणा.

---

रामबागवाली | सोमवार, सकाळी ९:०५

@भुक्कड, होतं. आणि उसळही होती. खूश?

@स्पष्टवक्ता, पंचांगाचं वाक्य भाचीला वाचून दाखवलं. तिने वहीत उतरवून घेतलं. म्हणाली, खरं आहे, आमच्या वर्गात असंच चालतं.

---

जुनाकागद (इंदूर) | सोमवार, दुपारी ३:३०

ताई, परदेशी नाव एकच घेतो आणि तेही सेनापतीचं. जॉन मालकम.

काकांना राजवाड्यासमोर नेऊन उभं करा. समोर अहिल्याबाईंचा पुतळा. आपण सगळे लहानपणापासून एकच चित्र बघत आलो: पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पिंड, नजर खाली. आता १७६५ चं मल्हाररावांचं सुनेला आलेलं पत्र आठवा. त्यात तोफखाना घेऊन कुठे जायचं, दारूगोळ्याची सोय कशी करायची, याच्या सूचना आहेत. सासरा सुनेशी तोफांबद्दल बोलतोय, आणि सुनेला त्या कळतात हे त्याने गृहीत धरलंय. ही बाई चित्रात कुठे गेली? पिंड राहिली, तोफ गळाली. कोणी कट केला असं मी म्हणत नाही. पण बाईचं कर्तृत्व पचवायचं तर तिला देवी करणं सोपं जातं, हे तर दिसतंच.

आता दुसरी बाई. तुळसाबाई होळकर. इंदुरात किती जणांना नाव माहीत आहे? पुढचे होळकर राजे यशवंतराव यांना वेड लागल्यावर आणि १८११ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या लहान मुलाच्या (त्याचंही नाव मल्हारराव) नावाने हिने कारभार पाहिला. डिसेंबर १८१७ मध्ये, महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, तिच्याच फौजेतल्या लोकांनी तिला क्षिप्राकाठी नेऊन डोकं उडवलं आणि धड नदीत टाकलं. ही इंग्रजांशी आतून बोलणी करतेय, असा संशय होता. दुसऱ्या दिवशी लढाई झाली, होळकर हरले. इंग्रजांच्या बाजूने त्या लढाईत मालकम स्वतः होता. जानेवारी १८१८ चा मंदसौरचा तह त्यानेच घडवला. आपलं इंदूर होळकरांची राजधानी झालं ते त्यानंतर.

आणि १८२३ मध्ये याच मालकमचं माळव्यावरचं पुस्तक आलं. अहिल्याबाईंबद्दल त्यात भरभरून लिहिलंय. त्याच पुस्तकात तुळसाबाई म्हणजे रूप, बुद्धी, वक्तृत्व, घोडेस्वारी असं सगळं असूनही दुर्व्यसनांनी वाया गेलेली बाई. मेली तेव्हा तिशीचीही नव्हती, असं तोच सांगतो. एक बाई संत, दुसरी कुलटा. मधल्या माणसाला जागाच नाही. पाश्चात्त्य समीक्षक बायकांनी १९७९ च्या सुमारास इंग्रजी कादंबऱ्यांत हीच जोडी दाखवली: घरातली देवदूत आणि माळ्यावर कोंडलेली वेडी. आपल्याकडे ती जोडी एका राजघराण्यात, एका पुस्तकात आयती मिळते. पुढे जोआना बेली या स्कॉटिश कवयित्रीने १८४९ मध्ये अहिल्याबाईंवर इंग्रजीत अख्खं काव्य लिहिलं, हिंदुस्थानात कधी पाय न ठेवता. आधार मालकमचाच. तुळसाबाईवर कोण लिहिणार?

त्याच वेळी माळव्यात धुमाकूळ घालणारा अमीरखान इंग्रजांशी तह करून टोंकचा नवाब झाला. त्याच्या महालात रात्री कोण यायचं, हे इतिहासाचं पुस्तक विचारत नाही. तुळसाबाईच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच.

काकांना एवढंच म्हणा: साहित्य चांगलं की वाईट ते नंतर ठरवू. सांगतोय कोण, आणि सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा, ते आधी बघू. हा प्रश्न पुरुषाबद्दलही विचारता येतो. मालकमबद्दल मी आत्ता विचारलाच ना.

---

नर्मदातीरी (महेश्वर) | सोमवार, सायं. ६:४०

जुनाकागद, प्रतिसाद आवडला. थोडी भर घालते. खंडेराव कुंभेरीला पडले तेव्हा (१७५४) सती जाण्यापासून सासऱ्यांनी अहिल्याबाईंना अडवलं, हे सगळे सांगतात. पण १७९१ मध्ये त्यांचीच मुलगी मुक्ताबाई इथे महेश्वरला सती गेली. आईने विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही. घाटावर येणारे गाइड पहिली गोष्ट रंगवून सांगतात. दुसरी विचारली तर सांगतात, एरवी नाही. राज्य चालवणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातली रूढी थांबवता आली नाही. ‘देवी’च्या गोष्टीत हे बसत नाही म्हणून गळलं असावं. मला तर अहिल्याबाई याच ठिकाणी सगळ्यात जवळच्या वाटतात.

---

स्पष्टवक्ता | सोमवार, रात्री ९:१०

जुनाकागद, माहिती उत्तम. पण मग आता तुळसाबाईला निर्दोष ठरवायचं का? म्हणजे मालकमने एक मूर्ती केली, तुम्ही दुसरी करणार.

---

जुनाकागद | सोमवार, रात्री ९:३८

नाही हो. तिच्या कारभारात माणसं मारली गेली, खजिना रिकामा होता, फौजेचे पगार थकले होते. ती चांगली राज्यकर्ती होती असा माझ्याकडे काहीही पुरावा नाही. वाईट राज्यकर्ती असेल तर तसं लिहा. वाईट *बाई* हा त्याचा पुरावा म्हणून आणू नका, एवढंच.

---

स्पष्टवक्ता | सोमवार, रात्री ९:५५

हे मान्य. पण असं लिहिणारा विद्यार्थी मला बावीस वर्षांत एखाद-दुसराच भेटला.

---

टीपकागद | मंगळवार, सकाळी ८:३०

आश्वासन दिल्याप्रमाणे. विषय: परदेशी नावं ऐकली की काकांसारख्यांच्या मनात येणारा ‘हे सगळं बाहेरून आलं’ हा आक्षेप.

१८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (पुढे ती कमी झाली). वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीला शिव्या पडू लागल्या. बुलढाण्यात बसून ताराबाई शिंद्यांनी ते वाचलं आणि १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापलं. लोक ते सामाजिक निबंध म्हणून वाचतात. पण तुम्ही ते समीक्षा म्हणून वाचून बघा. ताराबाई पुराणातल्या बायका घेतात, त्यांच्या काळातल्या पुस्तकांतल्या बायका घेतात आणि विचारतात, की दगाबाज, चंचल, मूर्ख अशी सगळी विशेषणं बायकांच्याच वाट्याला का, पुरुषांत हे गुण नाहीत काय? लिहिणारे पुरुष, म्हणून. भाषा अशी की अजून चटका बसतो. केट मिलेटचं पुस्तक १९७० चं, म्हणजे ८८ वर्षांनंतरचं.

पण पुढचं ऐका. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, त्यापलीकडे पुस्तक विसरलं गेलं. ताराबाईंनी दुसरं पुस्तक लिहिल्याचं कुठे दिसत नाही. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं १९७५ मध्ये. ९३ वर्षं मध्ये गेली. म्हणून मला काकांचं ‘चांगलं असेल तर टिकेल’ हे पटत नाही. (ते तसं म्हणाले नसतील, पण मनात तेच असतं.) चांगलं होतं, टिकलं नाही. कुणीतरी जाऊन शोधून आणावं लागलं. स्त्रीवादी समीक्षेचा निम्मा व्याप हा शोधून आणण्याचाच आहे. त्यात जार्गन फार लागत नाही, धूळ लागते.

---

ग्वाल्हेरची_लेक | मंगळवार, दुपारी १२:१५

+१ धुळीला.

आमच्या ग्वाल्हेरचं सांगते. मराठी साहित्य संमेलनं १८७८ पासून. पहिली बाई अध्यक्ष कधी झाली? १९६१, कुसुमावती देशपांडे, ग्वाल्हेर. आणि विजया राजाध्यक्ष २००१, तुमचं इंदूर. आजवर सहा बायका अध्यक्ष झाल्या: कुसुमावती, दुर्गाबाई, शांताबाई, विजयाबाई, अरुणा ढेरे, तारा भवाळकर. त्यातल्या तिघींची संमेलनं महाराष्ट्राबाहेर: ग्वाल्हेर, इंदूर, दिल्ली. योगायोग असेल. पण आम्ही बाहेरचे मराठी जरा भाव खाऊच की यावर!

आता गंमत. कुसुमावतींचं नाव काढलं की लोक म्हणतात ‘कवी अनिलांच्या पत्नी’ आणि लगेच ‘कुसुमानिल’ची पत्रं. सुंदरच आहेत ती. पण मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा या बाईंनी घेतलाय, ‘पासंग’सारखं समीक्षेचं पुस्तक त्यांचं आहे. अनिल १९५८ ला मालवणला अध्यक्ष होते, त्यांना कोणी ‘कुसुमावतींचे पती’ म्हणत नाही. आमच्या घरी पत्रांच्या तीन प्रती आहेत, लग्नात भेट आलेल्या. ‘पासंग’ एकही नाही.

---

स्पष्टवक्ता | मंगळवार, दुपारी १२:५०

एक शंका, भांडण नाही. विजयाबाईंचं मोठं काम मर्ढेकरांवर. साहित्य अकादमी त्यालाच. त्यात स्त्रीवाद शोधायचा का? बाईने केलेली समीक्षा आणि स्त्रीवादी समीक्षा यांत फरक आहे की नाही?

---

टीपकागद | मंगळवार, दुपारी १:३०

आहे, आणि चांगला ठळक आहे. बाईने मर्ढेकरांवर लिहावं, लयीवर लिहावं, व्याकरणावर लिहावं. तिने फक्त बायकांवरच लिहावं अशी अपेक्षा धरली तर पुन्हा स्वयंपाकघरच झालं, फक्त ग्रंथालयातलं. उलट स्त्रीवादी वाचन पुरुषालाही करता येतं. जुनाकागद करून बसलेत वर.

---

जुनाकागद | मंगळवार, दुपारी १:४४

मला आत्ताच कळलं.

---

नाना_बडोदेकर (बडोदे) | मंगळवार, सायं. ५:२०

बडोद्याची हजेरी. भाचीबाईंना बटलर समजावताना एक उदाहरण द्या, काकांचं बी.पी. उतरेल: बालगंधर्व. बटलरबाई (१९९०) म्हणतात, की बाईपण हे जन्मतः आत भरलेलं नसतं, ते रोज पुन्हा पुन्हा वठवून उभं राहतं. वाचायला अवघड. पण आमच्या आजीच्या पिढीतल्या खानदानी घरच्या बायका बालगंधर्वांकडे बघून पदर घ्यायला, अंबाड्यात फुलं माळायला शिकल्या. पुरुषाने वठवलेली बाई बघून बायका बाईपण शिकल्या. मग अस्सल कोणतं, नक्कल कोणती? आमच्या आजीला हा प्रश्न पडला नाही. तिला फक्त नाटक पुन्हा बघायचं होतं.

आता आमच्या संस्थानाची फुशारकी. सयाजीरावांनी १९०६ मध्ये मुलींसकट सगळ्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. महाराणी चिमणाबाईंनी १९११ मध्ये हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक काढलं (सहलेखक मित्र आडनावाचे एक गृहस्थ होते). १९२७ ला पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षा त्याच. आणि १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा, बाकी देशाच्या कितीतरी आधी.

पण एक खोडी काढतो. चिमणाबाई दोन. पहिल्या तंजावरच्या. १८८० मध्ये त्या लग्न होऊन आल्या तेव्हा आंदणात नर्तकी आल्या होत्या. माणसं, आंदणात! बडोद्यातल्या भरतनाट्यमचा इतिहास तिथून सांगतात, अभिमानाने. महाराणीचं पुस्तक दुसऱ्या चिमणाबाईंचं. एकाच राजवाड्यात एक बाई स्त्रियांच्या हक्कांवर लिहिते आणि काही बायका दरबाराच्या नोंदवहीत पगारदार म्हणून असतात. दोन्ही ‘स्त्रिया’च. पण एकीने दुसरीचं म्हणणं मांडलं असं धरून चालता येत नाही.

---

निळी_शाई | मंगळवार, रात्री ८:०५

नानांनी दार उघडलंच आहे तर आत येते.

धागा छान चाललाय. पण मोजा जरा. आतापर्यंत राणी, महाराणी, राजकन्या आणि संमेलनाध्यक्षा. ताराबाईंपाशी आपण जरा खाली उतरलो, तेवढंच.

१८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. ताराबाईंच्या २७ वर्षं आधी. त्यात ती मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिते आणि आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे लिहिते. जात आणि बाईपण तिने वेगळं काढलंच नाही. काढता येणारच नव्हतं. याला विद्यापीठात फार उशिरा नाव मिळालं. शर्मिला रेगे यांचा दलित स्त्रिया वेगळं बोलतात हे मांडणारा लेख १९९८ चा.

व्हर्जिनिया वुल्फने १९२९ ला म्हटलं, लिहायचं तर बाईला वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी. बरोबरच आहे. बेबीताई कांबळ्यांकडे फलटणला दोन्ही नव्हतं. दुकानात पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचायच्या. लिहिलेलं वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं १९८६ ला. ऊर्मिला पवारांच्या आईचे हात बांबूची आयदानं विणत होते. लेकीने २००३ मध्ये आत्मकथेला तेच नाव दिलं. आणि या दोघींनी घरातल्या पुरुषांबद्दलही लिहिलंय, तेव्हा समाजातूनच ‘आपली धुणी बाहेर कशाला’ असा सूर आला. वरून मार आणि घरातून गप्प बस, दोन्ही एकदम.

स्पष्टवक्ता सर, तुमच्या वर्गात ‘पितृसत्ता’ पानोपानी लिहिणाऱ्या पोरांना मी दोष देणार नाही. त्यांना शब्द मिळाला आणि पुस्तक मिळालं नाही. पुस्तक मिळवून देणं कोणाचं काम होतं?

---

स्पष्टवक्ता | मंगळवार, रात्री ८:४०

माझं होतं.

खरं सांगायचं तर ‘जिणं आमुचं’ अभ्यासक्रमात आलं तेव्हा मी त्यातली दोन प्रकरणं झेरॉक्स करून वाटली. पूर्ण पुस्तकाच्या प्रती मागवायला हव्या होत्या. कंटाळा केला. यावर सिद्धांत नाही.

---

सराफ्यातला_भुक्कड | मंगळवार, रात्री ११:५५

मी एरवी खाण्यापलीकडे लिहीत नाही. पण आज सराफ्यात उभा राहून बघितलं. भुट्ट्याचा कीस, गराडू, जोशींचा दहीवडा सोडा, ज्या गाड्यावर नाव आहे ते बाप्याचं. भुट्टे घरी किसून कोण पाठवतं ते विचारलं तर गाडीवाला हसला. “घरवाली और अम्मा, और कौन.” बस, एवढंच. झोपतो.

---

रामबागवाली | बुधवार, सकाळी १०:१०

मंडळी, काल संध्याकाळी काकांकडे गेले होते. जुनाकागद यांचा प्रतिसाद मोबाईलवर मोठा करून वाचून दाखवला. ‘तुळसाबाई’ हे नाव त्यांनी ऐकलेलं होतं, धड नदीत टाकल्याचं माहीत नव्हतं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मालकम मी वाचलाय, पण अहिल्याबाईंचंच प्रकरण.” मग आतून काकू म्हणाल्या, “मी दोन्ही वाचलीत. तुम्हीच आणलं होतं पुस्तक, पंच्याऐंशी साली.” काकांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मला लिहिता येणार नाही.

पुढचा रविवार काकूंकडे. त्या बोलणार आहेत, तुळसाबाईवर. पोहे काका करणार असं ठरलंय. भुक्कड, तुम्ही इंदुरात असलात तर या, पण अपेक्षा ठेवू नका.

भाचीचा एक प्रश्न उरलाय. तिला ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) ची जुनी प्रत हवी. आमच्या वाचनालयात मागितली तर नाही म्हणाले.

---

टीपकागद | बुधवार, सकाळी १०:४५

कार्डांच्या खणात कुठे शोधलंत? त्या बाईंची नावं तीन. माहेरच्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर, आणि हे पुस्तक विभावरी शिरूरकर या टोपणनावाने, कारण कुमारिकांच्या मनातलं असं उघड लिहिणारी कोण, यावर तेव्हा गदारोळ होता. आधीचं संशोधनाचं लेखन मात्र खरे नावावर. ख, ब आणि श, तिन्ही खण बघा.

---

रामबागवाली | बुधवार, दुपारी ४:२०

बघितले. ‘ब’मध्ये ‘पाहा: श’ अशी चिठ्ठी आहे. ‘श’मध्ये कार्ड आहे, पुस्तक १९९८ पासून एका सभासदाकडे आहे. ‘ख’मध्ये काहीच नाही.

सभासदाचं नाव कळलं. काकू आहेत.